तीन ते पाच, कूलर बंद

ताई, तुमच्या कूलरमध्ये काहीही बिघाड नव्हता. हे आधी सांगते, कारण गेले पंधरा दिवस घरात जो येतो तो त्या कूलरकडे बोट दाखवतो. तुमच्या नितीनने पुण्याहून आल्यावर तिसऱ्याच दिवशी मेकॅनिक आणला. त्याने बाजूच्या जाळ्या काढल्या, पंप पाहिला, मोटर हाताने फिरवून पाहिली, आणि मग समोर येऊन बटण दाबलं. कूलर सुरू झाला. खडखडत, नेहमीसारखा. मेकॅनिक म्हणाला, बटणच बंद होतं.

तेव्हापासून नितीनने एकच प्रश्न धरला. भर मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, नागपुरात दुपारी कोणी स्वतःच्या हाताने कूलर बंद करतं का? भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो हे विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. आई विसरायला लागली होती. मार्चमध्ये फोनवर तिने एकच गोष्ट दोनदा विचारली. दूध गॅसवर ठेवून अंगणात गेली होती म्हणे. असंच काहीतरी करताना कूलर बंद केला असेल आणि विसरली असेल. मी तिला आधीच पुण्याला न्यायला हवं होतं, असं म्हणायचा. येणारे माना हलवायचे. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायची, तुमची धाकटी जाऊ, तेवीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली. मला उत्तर माहीत होतं.

तुम्ही विसरला नव्हता. तुमच्या लक्षात होतं म्हणूनच बटण बंद होतं.

आल्या आल्या नितीनने मला विचारलं होतं, काकू, तुम्ही तर घरीच होता, काही आवाज वगैरे आला का. मी नाही म्हणाले. ते खोटं नव्हतं. आवाज आलाच नव्हता. पण खरं बोलून लपवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी ते पंधरा दिवस वापरलं.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मधली भिंत घातली गेली आणि मागे, झोपायच्या खोल्यांमध्ये, चार फुटांचा बोळ राहिला. त्या बोळात तुमच्या खोलीचा कूलर, आणि त्याच्या पाठीसमोर माझ्या झोपायच्या खोलीची खिडकी. भाऊजी असताना त्यांनी तो कूलर पत्रा कापून बनवून घेतला होता. तुमच्यापेक्षा मीच त्याला जास्त ओळखत होते असं म्हटलं तरी चालेल. डाव्या बाजूची जाळी खोबणीत ढिली होती. पंखा वेगात आला की ती आधी थरथरायची आणि मग पत्र्यावर आपटायला लागायची. खड, खड, खडखड, मग जरा दम, पुन्हा खड. एकसारखी आपटली असती तर सवय झाली असती. तो मधला दम मला झोपू द्यायचा नाही. मी पुढच्या आवाजाची वाट पाहत पडून राहायची.

होळीनंतर कूलर बाहेर काढले की आपलं भांडण सुरू व्हायचं, दर वर्षी. एका वर्षी मी जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापून गुपचूप त्या फटीत ठोकला. एक दुपार शांततेत गेली. दुसऱ्या दिवशी तो तुकडा माझ्या खिडकीत ठेवलेला होता, वर तुळशीचं पान. तुम्ही अंगणातून ओरडून म्हणालात, "तुही चप्पल माह्या कूलरनं घालून ठेवली होती वं सुनंदे. परत केली." मी रागावले होते, पण त्या तुळशीच्या पानाचं मला अजून हसू येतं.

माझ्या कामाचं तुम्हाला ठाऊक होतं. हिंगण्याला, पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणाऱ्या कंपनीत मी तपासणीवर आहे. पहाटे पाचला चौकात कंपनीची बस, सहा ते दोन प्रेसचा दणका. प्रत्येक दणक्याला टेबल हलतं. कानात घालायला बोळे देतात, पण मला ते घालून चालत नाही, कारण तडा गेलेला भाग टेबलावर टाकला की वेगळा वाजतो, आणि तो फरक ऐकायचा मला पगार मिळतो. आठ तास असं ऐकल्यावर घरी आलं की कानांना कोणी काही मागू नये एवढंच वाटतं.

हे मी तुम्हाला एकदा नीट सांगितलं होतं. मागच्या वर्षी, संध्याकाळी वीज गेली होती आणि आपण ओट्यावर बसून चिंचेतले चिंचोके काढत होतो. बोलता बोलता आवाजांवर आलो. मी म्हटलं, मला सगळ्यांत आवडतो तो दोन वाजता प्रेस थांबते तेव्हाचा आवाज.

"थो आवाज थोडीच झाला वं," तुम्ही म्हणालात. "थो तर आवाज बंद झाला."

मग मी दुसरे सांगितले. आपल्या फाटकाची कडी, कारण ती वाजली की मी घरी पोचलेली असते. कूलरच्या टाकीत पाइपचं पाणी पडायला लागतं तो. न आवडणाऱ्यांत मी तुमची जाळी सांगितली, यांचं सकाळी चूळ भरणं सांगितलं, समोरच्या घरातला मोबाइलवरचा कलकलाट सांगितला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, मले आमच्या खाणीचा पंखा आवडे.

तुमचं लहानपण सावनेरकडच्या कोळसाखाणीच्या क्वार्टरमध्ये गेलं एवढं मला माहीत होतं. पंख्याचं माहीत नव्हतं. खाणीच्या तोंडाशी घराएवढा पंखा असायचा, खाली हवा खेळती ठेवायला. रात्रंदिवस त्याची घूंघूं. क्वार्टरमधली मुलं त्या आवाजात जन्मायची आणि त्यातच झोपायची. तुमचे वडील खाली उतरलेले असायचे. "थो पंखा थांबला का सगळ्या बाया चुलीवरचं तसंच टाकून दारात," तुम्ही सांगत होता. "कोणी कोणाशी बोले नाई. पुन्हा घूं झालं का मंग आपापल्या घरात." बहुतेक वेळा नुसती वीज गेलेली असायची. पण दारात जाऊन उभं राहणं कोणी कधी सोडलं नाही. म्हणून तुम्हाला आवाजाशिवाय झोप यायची नाही. हिवाळ्यात तुम्ही रेडिओ खरखरत ठेवायच्या, उन्हाळ्यात कूलर.

न आवडणारा आवाज कोणता, असं मी विचारलं. तुम्ही चिंचोका ताटात टाकून म्हणालात, तुझं पातेलं. मी रागात असले की चहाचं पातेलं ओट्यावर आपटते, आणि तुम्हाला भिंतीतून कळतं की आज राग तुमच्यावर आहे की माझ्या नवऱ्यावर. मी विचारलं, कसं कळतं. "माह्यावर असला का दोनदा वाजते."

हे सगळं मला माहीत होतं, ताई. हे माहीत असताना मी त्या सोमवारी तुम्हाला ते बोलले.

कंपनीत एका मोठ्या गिऱ्हाईकाची तपासणी चालू होती. चार दिवस मी घरी येऊन पडत होते आणि तुमची जाळी मला उठवत होती. सोमवारी संध्याकाळी तुम्ही बोळात कूलरच्या गवताच्या ताट्यांवर पाणी मारत होता. मी खिडकी उघडून म्हटलं, दुपारी मी आल्यापासून पाचपर्यंत तरी हा खडखडा बंद ठेवत जा, नाहीतर एक दिवस मी वायरच कापीन. तुम्ही म्हणालात, "मंग माही झोप?" त्यावर मी म्हणाले, "तुम्हाला काय, दिवसभर झोपायलाच आहे."

तुम्ही पाइप बंद केलात. इतकी वर्षं शेवटचा टोमणा तुमचाच असायचा, त्या दिवशी तो आलाच नाही. मीही खिडकी लावून घेतली.

एका वाक्याने मला हे मिटवता आलं असतं. माझा कूलर नवा आहे, आवाज करत नाही, माझ्या खोलीत दुसरी खाट आहे. दुपारी इकडेच येऊन झोपत जा, एवढंच म्हणायचं होतं. बोळ ओलांडायचा तर चार पावलं. तेव्हा मला ते सुचलं नाही असं मी नितीनला सांगितलं असतं, पण तुम्हाला खरं सांगते. सुचलं होतं. पण आधी तुम्ही नमावं असं वाटत होतं.

मंगळवारी मी तीनला घरी आले तर माझ्या कूलरची टाकी काठोकाठ भरलेली होती. नळाला पाणी सकाळी येतं तेव्हा मी बसमध्ये असते, म्हणून माझी टाकी तुम्हीच भरायच्या, दर उन्हाळ्यात. अबोला असला तरी पाइप माझ्याकडे फिरला होता. मी आडवी झाले. तुमची जाळी वाजत होती. आणि मग थांबली. मला आधी वाटलं वीज गेली, पण माझा कूलर चालू होता. तेव्हा लक्षात आलं. फाटकाची कडी वाजली, मी घरात आले, पडले, तेवढा वेळ देऊन तुम्ही बटण बंद केलं होतं.

मी जिंकले असं मला वाटलं, हेही लिहून ठेवते. दोन तास मेल्यासारखी झोपले. पाचला उठून चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं, आणि मिनिटभरात भिंतीपलीकडे तुमचा कूलर सुरू झाला. तुम्ही त्या आवाजाची वाट पाहत बसला होता. बुधवारी तसंच. गुरुवारी तसंच. आपण दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो, पण कडी वाजली की तुमचं बटण बंद आणि पातेलं वाजलं की चालू, असा कारभार चालला होता. गुरुवारी मनात आलं, शनिवारी सुट्टी आहे, तुमच्याकडे जाऊन बसावं.

शुक्रवारी मी पाचला उठले. पातेलं ठेवलं. पाणी, साखर, चहापत्ती घातली. पलीकडे काही नाही.

वाटलं, तुमचा डोळा लागला असेल. मी पातेलं उचलून पुन्हा ठेवलं, जरा जोरात. काही नाही. मग मी ते तसं आपटलं जसं रागात आपटते. दोनदा. चहा शेगडीवर सांडला. मी गॅस बंद केला, माझा कूलर बंद केला, यांच्या टेबलावरचं घड्याळसुद्धा उशीखाली घातलं, आणि भिंतीला कान लावला. तुमच्या छताचा पंखा फिरत होता तेवढाच आवाज. आवाज थांबला म्हणून मी दारात जाऊन उभी राहायला हवी होती, तीन वाजताच. तुमच्या क्वार्टरमधल्या बायांनी हेच केलं असतं. मी भिंतीला कान लावून उभी होते, तेही पाच वाजून दहा मिनिटांनी.

तुमचं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही खिडकीखालच्या बाजेवर होता, भिंतीकडे तोंड करून. डोक्यावर भिजवलेला पंचा, तो वाळून कडक झाला होता. बाजेखाली पाण्याची बादली, शेजारी तांब्या. खिडकीला ओली चादर अडकवलेली, तीही वाळली होती. म्हणजे तुम्ही तयारी केली होती. माझ्या झोपेचे दोन तास उकाड्यात काढायची तयारी.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. हृदय थांबलं म्हणाले. वय होतं, रक्तदाब होता, उन्हाचंही असू शकेल, नक्की सांगता येणार नाही. तासभर झाला असावा. तासाभरापूर्वी मी गाढ झोपेत होते, तुम्ही भरलेल्या पाण्याच्या गारव्यात.

लोक जमायच्या आधी मी पंचा उचलला, चादर काढली, बादली मोरीत नेली. हात आपोआप चालले. घर नीट दिसावं म्हणून करते आहे असं मला वाटत होतं. पंचा मी माझ्याकडे आणला, धुतला, घडी करून कपाटात ठेवला. म्हणून नितीनला फक्त बंद बटण दिसलं. बाकी सगळं मी आवरून टाकलं होतं.

कूलर चालू असता तर तुम्ही राहिला असता का, मला माहीत नाही. कोणालाच कळणार नाही, आणि त्या प्रश्नावर रडत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. पण दुसरी गोष्ट मला सहन होईना. तेरवीच्या दिवशी पंगतीत तुमचा भाऊ नितीनला म्हणत होता, बाईचं डोकं चालत नव्हतं तर एकटं ठेवायला नको होतं. आणि नितीन मान खाली घालून हो म्हणत होता. बावीस जणांच्या फोन नंबरांपासून माझ्या शिफ्टच्या वेळापर्यंत सगळं तोंडपाठ असलेली बाई तुम्ही. तुमचं डोकं चालत होतं. माझ्या फाटकाच्या कडीवर चालत होतं.

काल संध्याकाळी मी पंचा घेऊन तुमच्याकडे गेले. नितीन तुमच्या कपाटातल्या साड्या मोजून ठेवत होता. त्याची गाडी आज रात्रीची. मी समोर बसले आणि सोमवारपासून शुक्रवारपर्यंत सगळं सांगितलं, माझं ते वाक्य धरून. पंचा त्याच्यासमोर ठेवला. तो कुठे होता आणि मी तो का उचलला, तेही सांगितलं. यांनाही मी हे परवापर्यंत सांगितलं नव्हतं. ते म्हणाले होते, जाऊ दे आता, सांगून काय होणार. मला वाटलं, तो आईबद्दल खोटं बोलायचा थांबेल, एवढं तरी होईल.

नितीन बराच वेळ पंच्याच्या घडीवरून बोट फिरवत होता. मग म्हणाला, "पंधरा दिवस मी सगळ्यांना सांगून राहिलो, आई विसरत होती म्हणून. अन् तुम्ही बाजूले चहा देऊन राहिल्या होत्या."

मी हो म्हणाले.

तो पुन्हा साड्यांकडे वळला. मला जा म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही. मी उठले. दारात पोचले तेव्हा मागून त्याचा आवाज आला, तो फोनवर मामाशी बोलत होता. आईचं डोकं ठीक होतं, असं सांगत होता. एकदा सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. मामाला पटत नसावं. नितीन चढ्या आवाजात म्हणाला, ठीक होतं म्हणतो ना मी. मी बोळात उभी राहून तेवढं ऐकलं.

आज रजा संपली, कामावर गेले. टेबलावर भाग टाकत राहिले, वेगळे वाजणारे बाजूला काढत राहिले. तीनला घरी आले. फाटक लावलं. कडी वाजली. मी नेहमीसारखी हातपाय धुऊन पडले.

तुमचा कूलर चालू होता. खड, खड, खडखड, मग दम. नितीन घरातच होता, सामान बांधत होता. कडी त्याने ऐकली असणार, तो याच घरात वाढला आहे. मी छताकडे बघत वाट पाहत राहिले. साडेतीन झाले. चार झाले. त्याने बंद केला नाही, ताई. मी उठून खिडकीशी गेले नाही. पुढचा आवाज केव्हा येतो म्हणून पूर्वी जशी पडून राहायची तशीच पडून होते, पण आज तो आला की बरं वाटत होतं, आणि मधला दम लांबला की भीती वाटत होती.

दोन तास मी डोळा मिटला नाही. पाचला उठले आणि पातेलं गॅसवर ठेवलं, आवाज न करता. त्यात तीन कप पाणी घातलं. तो माझ्या हातचा चहा घेईल की नाही, मला माहीत नाही. बोळ ओलांडायला चार पावलं लागतात. कूलर चालू आहे तोवर जाऊन येते.